विश्लेषण : लिंक उघडताच सर्व्हरवर कमांड चालते... अशा ओपन सोर्स टूलचे डॉक्युमेंटेशन सुरक्षेचा प्रश्न का ठरते?

समजा, एका छोट्या कार्यालयात सर्व्हरचा बॅकअप घेण्यासाठी एक लिंक तयार केली आहे. ती उघडली की बॅकअप सुरू होतो. एका कर्मचाऱ्याने ती लिंक कार्यालयाच्या चॅट ग्रुपवर टाकली आणि कुणी तिला हात लावण्याआधीच बॅकअप सुरू झाला. लिंकखाली दिसणारा छोटा प्रिव्ह्यू तयार करण्यासाठी ॲपनेच ती परस्पर उघडली होती. इथे कुणी हॅकिंग केलेले नाही आणि टूलही बिघडलेले नाही. असे घडू शकते, एवढेच त्या टूलच्या माहितीत कुठे लिहिलेले नव्हते. शेल स्क्रिप्ट एचटीटीपीवरून चालवू देणारी अनेक छोटी, मोफत टूल आज उपलब्ध आहेत. ती वापरायला अतिशय सोपी असतात. त्यामुळेच त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काय लिहिले आहे आणि काय राहून गेले आहे, याला महत्त्व येते.

शेल स्क्रिप्ट एचटीटीपीवरून चालवणे म्हणजे काय?

लिनक्स किंवा तत्सम यंत्रणेवर काळ्या पडद्यावर टाइप करून दिल्या जाणाऱ्या आज्ञा म्हणजे शेल कमांड. अशा आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. डिस्कवर किती जागा उरली आहे ते पाहणे, जुन्या फाइल पुसणे, बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे, बॅकअप घेणे अशी रोजची कामे त्यातून होतात. मात्र त्यासाठी त्या संगणकावर लॉगिन करावे लागते.

हे लॉगिन टाळण्याचा एक मार्ग म्हणजे स्क्रिप्टला वेबपत्ता देणे. ‘शेलटूएचटीटीपी’ हे गो भाषेत लिहिलेले ओपन सोर्स टूल नेमके हेच करते. त्याला दोन गोष्टी सांगायच्या. पत्ता कोणता आणि तो उघडल्यावर कोणती कमांड चालवायची. ‘/डिस्क’ हा पत्ता आणि डिस्कची जागा दाखवणारी कमांड अशी जोडी दिली, की मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडताच डिस्कची स्थिती दिसते. ‘वेबहुक’ हे याच कुळातले आणखी एक टूल. गिटहबवर नवा कोड आला, की तिथून सर्व्हरला संदेश जातो आणि सर्व्हरवरील स्क्रिप्ट आपोआप चालते, अशा कामासाठी ते वापरले जाते.

घरातल्या रास्पबेरी पायवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यापासून दोन-चार सर्व्हर सांभाळणाऱ्या सिस्टीम ॲडमिनपर्यंत अनेकांना अशी टूल उपयोगी पडतात. पूर्ण वेब ॲप लिहिण्याची गरज उरत नाही, एका ओळीत काम भागते.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. वेबच्या सुरुवातीच्या काळात, १९९३ मध्ये ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ म्हणजे सीजीआय ही पद्धत आली. ब्राउझरकडून आलेली विनंती सर्व्हरवरील एखाद्या प्रोग्रॅमकडे सोपवायची आणि त्याचे उत्तर पान म्हणून परत पाठवायचे, ही तिची रीत. विनंतीतील माहिती, म्हणजे कोणता ब्राउझर आहे, कोणता पत्ता मागितला आहे वगैरे तपशील, ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’च्या रूपाने प्रोग्रॅमला दिले जातात. शेलटूएचटीटीपीमध्येही सीजीआय पद्धतीने स्क्रिप्ट चालवण्याचा पर्याय आहे.

या पद्धतीतला धोका सप्टेंबर २०१४ मध्ये जगाला दिसला. बॅश या लोकप्रिय शेलमधील ‘शेलशॉक’ नावाची त्रुटी तेव्हा उघड झाली. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये विशिष्ट प्रकारचा मजकूर आला, तर बॅश त्याच्या शेपटाला जोडलेली कमांडही चालवत असे. सीजीआयमध्ये ब्राउझरचे नाव याच मार्गाने शेलपर्यंत पोहोचते. साहजिकच ब्राउझरच्या नावाच्या जागी कमांड लिहून पाठवली, की ती सर्व्हरवर चालू शकत होती. स्क्रिप्ट कितीही निरुपद्रवी असली, तरी उपयोग नव्हता. ही त्रुटी १९८९ पासून, म्हणजे २५ वर्षे बॅशमध्ये होती. ती नंतर दुरुस्त झाली. मात्र बाहेरून आलेला मजकूर शेलच्या हाती देताना काय होऊ शकते, याचा धडा कायम राहिला.

धोका नेमका कुठे असतो?

पहिला धोका दार कुणासाठी उघडे आहे, याचा. शेलटूएचटीटीपीला वेगळे काही सांगितले नाही, तर ते ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर आणि संगणकाच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकू लागते. घरच्या वायफायवर हे सोयीचे असते. तीच एक ओळ कॉपी करून सार्वजनिक आयपी पत्ता असलेल्या क्लाउड सर्व्हरवर चालवली आणि मध्ये फायरवॉल नसली, तर ती लिंक साऱ्या जगासाठी खुली होते. ‘माझा पत्ता कुणाला माहीत आहे?’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हे टूल आणले. एका साध्या संगणकावरून आणि वेगवान जोडणीवरून संपूर्ण आयपीव्ही४ जाळ्यातील एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो, हे त्यांनी दाखवले.

दुसरा धोका विनंतीच्या प्रकाराचा. एचटीटीपीच्या नियमांनुसार ‘गेट’ ही विनंती फक्त माहिती पाहण्यासाठी असते. तिच्यामुळे सर्व्हरवर काही बदलू नये, अशी अपेक्षा असते. ब्राउझर, सर्च इंजिनचे बॉट आणि लिंकचे प्रिव्ह्यू दाखवणारी ॲप याच भरवशावर लिंक परस्पर उघडतात. २००५ मध्ये गुगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ हे टूल आणले होते. पुढची पाने लवकर उघडावीत म्हणून ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवत असे. काही वेब ॲपमधील ‘डिलीट’च्या लिंकही त्याने उघडल्या आणि वापरकर्त्यांचा डेटा गेला. स्क्रिप्टला लिंक देताना हाच प्रश्न उभा राहतो. डिस्कची जागा दाखवायला ‘गेट’ ठीक आहे. सेवा बंद करायला किंवा फाइल पुसायला ‘पोस्ट’ हवी. शेलटूएचटीटीपीमध्ये पत्त्याआधी ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’ असे लिहून हा भेद करता येतो. ही सोय का वापरायची, हे वाचणाऱ्याला कळले तरच तिचा उपयोग.

तिसरा धोका बाहेरून येणाऱ्या मजकुराचा आणि सर्वात जास्त गैरसमजही याबाबतच आहेत. फॉर्मचा पर्याय सुरू केला, की लिंकमधील माहिती व्हेरिएबलच्या रूपात स्क्रिप्टला मिळते. व्हेरिएबलमध्ये अर्धविराम आणि त्यापुढे दुसरी कमांड लिहून पाठवली, तर ती लगेच चालेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. व्हेरिएबलची किंमत शेल पुन्हा कमांड म्हणून वाचत नाही. मात्र स्क्रिप्टमध्ये ‘इव्हॅल’ वापरले असेल किंवा तो मजकूर जोडून नवी कमांड तयार केली असेल, तर धोका खरा ठरतो.

दुसरीकडे, व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हे नसतील तर शेल त्याच्या किमतीचे रिकाम्या जागांवर तुकडे करतो. त्यातला एखादा तुकडा डॅशने सुरू होत असेल, तर कमांड त्याला फाइलचे नाव न समजता सूचना समजते. ‘टार’सारख्या काही कमांडमध्ये तर अशा सूचनेतून दुसरी कमांडही चालवता येते. अवतरणचिन्हे घातली तरी डॅशने सुरू होणाऱ्या मजकुराचा प्रश्न उरतोच, त्यासाठी तो आधी तपासून घ्यावा लागतो. ‘इनपुट तपासा’ एवढ्या दोन शब्दांच्या सल्ल्यातून हे काहीच कळत नाही.

चूक वापरणाऱ्याची की माहितीची?

तंत्रज्ञांच्या जगात यावर ठरलेले उत्तर असते : मॅन्युअल वाचायला हवे होते. मोंगोडीबी या डेटाबेसचा अनुभव या उत्तराची मर्यादा दाखवतो. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर पासवर्डविना उघडे असलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसून टाकले आणि डेटा परत हवा असेल तर खंडणी द्या, अशी चिठ्ठी मागे ठेवली. डेटाबेस सुरक्षित कसा करावा, याच्या सूचना उपलब्ध होत्या. तरीही हजारो जणांनी त्या अमलात आणल्या नव्हत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ३.६ आवृत्तीत डेटाबेस मुळातच फक्त त्या संगणकापुरता उघडेल, अशी व्यवस्था झाली.

यातून दोन गोष्टी निघतात. माहिती कुठेतरी असणे पुरेसे नाही. ती वाचणाऱ्याच्या वाटेत असावी लागते. आणि बहुतेक लोक पहिले उदाहरण कॉपी करतात, ते चालले की वाचणे थांबवतात. टूलच्या पहिल्या पानावरील पहिले उदाहरण हेच अनेकांसाठी अख्खे डॉक्युमेंटेशन असते. ते उदाहरण सुरक्षित नसेल, तर त्याच्याखाली वीस परिच्छेदांनंतर येणारा इशारा कुणाच्या कामाचा नाही.

चांगले डॉक्युमेंटेशन कसे असते?

वेबहुक टूलचे माहितीपान याचे चांगले उदाहरण आहे. त्यात आधी एक साधी जोडणी करून दाखवली आहे. त्यानंतर लगेच सांगितले आहे, की ही जोडणी जशीच्या तशी ठेवणे धोक्याचे आहे, कारण पत्ता माहीत असलेला कुणीही कमांड चालवू शकेल. मग ते टाळण्यासाठी नियम कसे लावायचे, याची दिशा दिली आहे. उदाहरण, धोका, उपाय असा हा क्रम आहे. वाचणारा दुसऱ्या मिनिटाला थांबला तरी धोका त्याच्या नजरेखालून गेलेला असतो.

डॉक्युमेंटेशनच्या क्षेत्रात ‘डायाटॅक्सिस’ नावाची एक मांडणी अलीकडे बरीच वापरली जाते. तिच्यानुसार माहितीचे चार प्रकार असतात : नवख्याला हात धरून शिकवणारा धडा, ठरावीक काम कसे करायचे याची कृती, सर्व पर्यायांची संदर्भयादी आणि असे का आहे याचे स्पष्टीकरण. छोट्या ओपन सोर्स टूलमध्ये बहुधा तिसरा प्रकार, म्हणजे पर्यायांची यादी असते आणि चौथा गायब असतो. अमुक पर्यायाने पासवर्ड लावता येतो, हे यादीत असते. साध्या एचटीटीपीवर तो पासवर्ड वाटेत कुणालाही वाचता येऊ शकतो, म्हणून सोबत एचटीटीपीएस हवे, हे नसते. कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिला तर लिनक्सवर इतर वापरकर्त्यांना तो चालू प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो, हेही नसते. शेलटूएचटीटीपीमध्ये पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देण्याची सोय आहे. कारण ठाऊक असलेलाच ती वापरेल.

उणिवा उघडपणे लिहिण्याची परंपरा तर युनिक्समध्ये पहिल्यापासून आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच कमांडच्या पानावर ‘बग्ज’ म्हणजे दोष हा स्वतंत्र मथळा होता. टूल काय करते याबरोबरच ते कुठे अडते, हेही तिथे नोंदवले जाई.

मग डॉक्युमेंटेशन अपुरे का राहते?

गिटहबने २०१७ मध्ये साडेपाच हजार जणांचे सर्वेक्षण केले होते. अपुरे किंवा जुने झालेले डॉक्युमेंटेशन ही अडचण ९३ टक्के जणांनी सांगितली. त्याच सर्वेक्षणात, आपण डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच योगदान देतो किंवा कधीच देत नाही, असे ६० टक्के योगदानकर्त्यांनी मान्य केले. अडचण सर्वांना दिसते, पण काम दुसऱ्याने करावे असे बहुतेकांना वाटते.

यामागे कारणे आहेत. अशी टूल अनेकदा एखादी व्यक्ती आपल्या फावल्या वेळात सांभाळते. ज्याने टूल लिहिले, त्याला त्यातील खाचाखोचा इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की नवख्याला काय अडेल हे त्याला दिसेनासे होते. शिवाय एमआयटी, अपाचे यांसारख्या प्रचलित परवान्यांमध्ये ‘जसे आहे तसे, कोणत्याही हमीविना’ अशी अट असते. त्यामुळे कायद्याने कुणी बांधील नसते. नवी सोय लिहिली की कौतुक होते. एका वाक्याचा इशारा लिहिला तर त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

विद्यार्थ्यांच्या ‘रीडमी दुरुस्ती’चे काय?

भारतातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी हा मुद्दा थेट जवळचा आहे. ओपन सोर्समधील पहिले योगदान म्हणून ‘रीडमी’ या माहितीच्या फाइलमध्ये बदल करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅकटोबरफेस्ट’ या उपक्रमात त्याचे टोक गाठले गेले. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट म्हणजे बदलाचे प्रस्ताव पाठवले, की टी-शर्ट मिळत असे. एखादे विशेषण वाढवायचे, मथळ्यात ‘अफलातून प्रोजेक्ट’ असे लिहायचे आणि प्रस्ताव पाठवायचा, असा पूर आला. अनेक प्रोजेक्टचे सांभाळकर्ते वैतागले. आयोजकांना महिना संपण्याआधीच नियम बदलावा लागला आणि स्वतःहून नोंद केलेल्या प्रोजेक्टपुरताच उपक्रम मर्यादित झाला.

या प्रकाराने डॉक्युमेंटेशनच्या कामाला ‘सोपे आणि फुकटचे’ असा शिक्का बसला. वास्तविक पहिल्यांदाच टूल वापरणाऱ्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट असते, जी टूलच्या जनकाकडे उरलेली नसते : कुठे अडले, हे त्याला नुकतेच कळलेले असते. ती नोंद नीट लिहिली तर ते खरे योगदान ठरते.

सुधारणा करायची तर कुठून सुरुवात करावी?

सर्वात आधी टूल स्वतः चालवून पाहावे, तेही माहितीपानावरील सूचना अक्षरशः पाळून. ज्या ओळीवर अडखळायला झाले, ती नोंदवावी. त्यानंतर काही ठरावीक प्रश्न त्या पानाला विचारावेत. काहीच पर्याय न देता टूल सुरू केले तर दार कुणासाठी उघडते? पहिल्या उदाहरणात ते फक्त त्या संगणकापुरते ठेवता येईल का? स्क्रिप्ट कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते आणि ती रूट म्हणून चालवू नये, हे स्पष्ट आहे का? एकाच वेळी दोघांनी लिंक उघडली तर बॅकअप दोनदा सुरू होईल का? स्क्रिप्ट अडकून पडली तर वेळेची मर्यादा कशी घालायची? इनपुट तपासण्याचा नियम संपूर्ण मजकुराला लागू होतो की त्यातला एखादा तुकडा जुळला तरी चालतो?

या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने लिहू नयेत. टूलचा कोड खुला असतो, तो वाचता येतो. चाचणी घेता येते. तरीही शंका राहिली तर बदल पाठवण्याआधी सांभाळकर्त्याला विचारावे. एका प्रस्तावात एकच बदल असावा आणि तो का हवा, हे दोन वाक्यांत सांगावे. एआय चॅटबॉटकडून लिहून घेतलेला मजकूर न तपासता पाठवणे इथे विशेष धोक्याचे आहे. टूलमध्ये नसलेला पर्याय आहे म्हणून लिहिला गेला, तर वाचणारा त्याच्या भरवशावर दार उघडे ठेवेल.

डॉक्युमेंटेशन सुधारले की प्रश्न मिटतो?

पूर्णपणे नाही. मोंगोडीबीच्या उदाहरणात शेवटी मूळ व्यवस्था बदलावी लागली. एखादा इशारा पुन्हा पुन्हा, ठळक अक्षरांत लिहावा लागत असेल, तर बदल कोडमध्ये हवा, असेच समजायला हरकत नाही. पण मूळ व्यवस्था बदलली की जुन्या वापरकर्त्यांची चालू कामे मोडतात. म्हणून सांभाळकर्ते असे निर्णय लगेच घेऊ शकत नाहीत. तो निर्णय होईपर्यंत वापरणारा आणि धोका यांच्यामध्ये डॉक्युमेंटेशन एवढेच कुंपण असते.

वापरणाऱ्यांनी तोवर काही पथ्ये पाळणे त्यांच्याच हिताचे आहे. असे टूल शक्यतो फक्त त्याच संगणकावर किंवा व्हीपीएनच्या आत चालवावे. बाहेर न्यायचेच असेल तर पुढे एचटीटीपीएस आणि पासवर्ड असलेला वेब सर्व्हर ठेवावा. स्क्रिप्टसाठी कमी अधिकारांचा वेगळा वापरकर्ता करावा. बदल घडवणाऱ्या कामासाठी ‘पोस्ट’ वापरावी आणि अशी लिंक चॅट ग्रुपवर टाकू नये. लिंक तयार करायला एक ओळ लागते. ती ओळ चालवण्याआधी माहितीपान शेवटपर्यंत वाचायला दहा मिनिटे पुरतात, आणि त्यात काही सापडले नाही तर ते लिहून पाठवायला आणखी दहा.